वाडा हलता राहू द्या

भटक्या मेंढपाळांनी एका जागी स्थिर व्हावं, मेंढ्या शेडमध्ये बांधून वाढवाव्यात, असं मी पशुवैद्यकीय नोकरीची बहुतेक वर्षं सांगत आलो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत बसून सांगितलं, ग्रामसभांत सांगितलं, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मांडवाखाली मेंढपाळांना बसवून सांगितलं. माझं म्हणणं सरळ होतं. कळप गावोगाव फिरतो, दहा पाणवठ्यांवर तोंड घालतो, दहा शेतांत लेंड्या टाकतो आणि जाईल तिथं रोग घेतो नि देतो. कळप थांबला की रोग थांबेल. आज मी असं म्हणणार नाही. निदान एका रोगाच्या बाबतीत तरी मला आता उलट वाटतं. त्या रोगाकडे नीट पाहायला शिकल्यावर बाकीच्या आजारांकडेही मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. तो रोग म्हणजे मेंढ्यांमधला साल्मोनेला.

हा जंतू आपल्याकडच्या मेंढपाळाला नावानं ठाऊक नाही, पण त्याची करणी पक्की ठाऊक आहे. मेंढीला दोन-तीन दिवस सणकून ताप येतो, ती चारा सोडते, कान पाडून कळपाच्या मागं राहते. मग हिरवट-पिवळी, उग्र वासाची हगवण लागते. तिच्यात कधी शेंब, कधी रक्त. डोळे खोल जातात, अंगातलं पाणी संपतं. गाभण मेंढ्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात गाभ टाकतात, जार अडकतो, पिशवीत पू होतो. कोकरं जन्मल्यावर काही दिवसांतच पटापट जातात, कधी तर हगवण दिसायच्या आधीच. मेंढपाळ सांगायला येतो ते दोन शब्दांत: ‘ढाळ लागली’ किंवा ‘मेंढरं गाभडायलेत’. आम्ही डॉक्टर मंडळी ढाळीला पीपीआर म्हणतो, जंत म्हणतो, आंत्रविषार म्हणतो. गाभडण्याला ब्रुसेलोसिस म्हणतो. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण पीपीआरनं खचलेल्या मेंढीच्या आतड्यात साल्मोनेला मागाहून उठतो, जंतांनी पोखरलेल्या मेंढीत तो सहज फोफावतो. नाव एकाचं लागतं आणि मारणारे दोघं असतात, असं फार वेळा घडतं.

त्याला पकडणंही सोपं नाही. मेंढीच्या गुदद्वारात कापसाचा बोळा फिरवून नमुना घ्यायचा, बर्फात घालून प्रयोगशाळेत पोचवायचा. आमच्या भागात उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडं परभणीचं आहे. पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे. तिथं तो नमुना आधी पोषक द्रवात वाढवतात, मग तबकडीवर पसरतात. लालसर वसाहती आणि मधोमध काळा ठिपका दिसला की संशय पक्का होत जातो. मग जैवरासायनिक चाचण्या, मग नेमका प्रकार ठरवायला इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या साल्मोनेला केंद्राकडे किंवा हिमाचलातल्या कसौलीकडे. पहिल्या उत्तरालाच चार-पाच दिवस जातात. तोवर वाडा, म्हणजे मेंढपाळाचा चालता तळ, पुढच्या तालुक्यात गेलेला असतो, मेलेल्या मेंढ्या मेलेल्या असतात आणि वाचलेल्या चरत असतात. म्हणून आमच्याकडे या रोगाची नोंद कमी आणि वावर जास्त.

मला खरी अडचण झाली ती या वाचून चरणाऱ्या मेंढ्यांची.

शिकताना आमच्या डोक्यात रोगाचं चित्र असं बसतं: जंतू बाहेरून येतो, जनावर आजारी पडतं, मग बरं होतं किंवा मरतं. साल्मोनेला या चित्रात मावत नाही. हगवण थांबलेली मेंढी लख्ख दिसते, पण तिच्या आतड्याच्या कडेच्या लसिकाग्रंथींत, कधी पित्ताच्या थैलीत, जंतू तसाच बसून राहतो. महिनोनमहिने. आणि तो रोज लेंडीत उतरत नाही. आज उतरतो, चार दिवस उतरत नाही, मग पुन्हा उतरतो. त्यामुळे एका दिवशी घेतलेला नमुना कोरा आला म्हणून मेंढी कोरी ठरत नाही. युरोपात तर असा एक प्रकार आहे जो मेंढ्यांनाच धरून राहतो. नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंडमधल्या धडधाकट कळपांत तो मेंढ्यांच्या आतड्यात आणि नाकातही आढळला आहे, आणि बहुतेक मेंढ्यांना त्याचं काहीच होत नाही. थोडक्यात, जंतू असणं आणि रोग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मेंढ्यांमागं पुष्कळ चालल्यावर लागला.

या जंतूचं कुटुंब अवाढव्य आहे. अमेरिकेत १८८५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांच्या आजारातून तो वेगळा काढला आणि त्यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल साल्मन, यांचं नाव त्याला लागलं. आज त्याचे अडीच हजारांहून जास्त प्रकार मोजले गेले आहेत, आणि पुष्कळांना पहिल्यांदा सापडल्या गावाचं नाव आहे. एक बरेली आहे, एक पूना आहे. या ‘पूना’नं २०१५ मध्ये अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमधून ९०७ माणसांना आजारी पाडलं. माणसाचा विषमज्वर देणारा टायफी याच कुटुंबातला, पण तो माणसापुरता राहतो. मेंढीत हगवण आणणारा मुख्य प्रकार टायफीम्युरियम. तो मात्र मेंढी, गाय, कोंबडी, उंदीर, माणूस असा कुणालाही वर्ज्य मानत नाही. म्हणून हा प्रश्न फक्त मेंढपाळाचा नाही. वजडी साफ करणाऱ्या बाईचा आहे, खाटकाचा आहे, कोकरू मांडीवर घेऊन झोपणाऱ्या पोराचा आहे.

आता मूळ मुद्दा. धडधाकट मेंढीच्या पोटात जंतू बसला आहे आणि गप्प आहे. मग तो उठतो कशानं?

याचं उत्तर मला एका जुन्या कामात मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या ब्राउनली आणि ग्राऊ या दोन संशोधकांनी १९६७ साली गुरांच्या कोटीपोटातल्या साल्मोनेलावर काम प्रसिद्ध केलं. रवंथ करणाऱ्या जनावराला चारा नियमित मिळतो तेव्हा कोटीपोटात किण्वन चालू असतं, त्यातून सेंद्रिय आम्लं तयार होत राहतात, आणि तोंडावाटे आलेला साल्मोनेला त्या आम्लांत तग धरत नाही. तिथंच संपतो. चारा तुटला, एखाद-दोन दिवस उपास पडला, की आम्लं घटतात, सामू वर सरकतो आणि तोच जंतू जगतो, वाढतो. उपासानंतर चारा पुन्हा सुरू झाला की हा वाढलेला साठा खाली आतड्यात उतरतो. त्यांनी हे गाईबैलांत पाहिलं. मेंढीचं पोट त्याच घडणीचं आहे. याच्यावर शेवटच्या महिन्यातलं गाभणपण, ट्रकमधली दाटी, भिजणं, उन्हाचा मारा, अनोळखी मेंढ्यांत मिसळणं या ताणांची भर पडते. अंगातली प्रतिकारशक्ती खाली जाते आणि ग्रंथींत दडलेला जंतू बाहेर निघतो.

म्हणजे मेंढीचं पहिलं संरक्षण तिच्या भरल्या पोटात आहे. लस नव्हे, औषध नव्हे. (या रोगाची लस आपल्याकडे मेंढ्यांच्या नेहमीच्या लसीकरणात नाहीच.) हे कळल्यावर मी माझंच जुनं म्हणणं उलगडून पाहू लागलो. कळप फिरतो तेव्हा मेंढीचं पोट रिकामं असतं का? सोयाबीन निघालेल्या रानात, तुरीच्या पाल्यावर, ज्वारीच्या कापणीनंतर, बांधावर, माळावर ती दिवसभर थोडं थोडं खात असते. वाडा हलतोच मुळी चाऱ्यासाठी. तो एका जागी थांबला की चारा माणसानं आणून टाकावा लागतो, आणि मराठवाड्यात माणूस तो नेहमी आणू शकत नाही.

ऑस्ट्रेलियातूनच दुसरा धडा मिळाला. १९८० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातून आखाती देशांकडे जहाजांनी जिवंत मेंढ्या जात. वाटेत त्या का मरतात याचा नॉरिस आणि रिचर्ड्स यांनी अभ्यास केला. दोन कारणं वरचढ निघाली: न खाण्यानं आलेली क्षीणता आणि साल्मोनेला. दोन्ही एकमेकांत गुंतलेली. या मेंढ्यांना दाण्याच्या गोळ्या वेळेवर मिळत होत्या, पाणी होतं, देखरेख होती. पण मोकळ्या कुरणातून उचलून बंदराजवळच्या आवारात दाटीनं आणलेल्या काही मेंढ्यांनी तो नवा दाणा तोंडात धरलाच नाही. चारा समोर असूनही त्या उपाशी राहिल्या आणि जंतू उठला. मी ज्या बंदिस्त, नीटनेटक्या पद्धतीचं कौतुक करत होतो, तिचं इतकं काळजीपूर्वक मांडलेलं रूपही या जंतूला थांबवू शकलं नव्हतं.

परदेशातलं वाचून मत डळमळतं, पण बदलत नाही. ते बदललं २०१६ च्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते साल. मांजरा नदी कोरडी, विहिरी कोरड्या. भटके वाडे तोवर केव्हाच निघून गेले होते. कुणी गोदावरीच्या कडेला, कुणी देगलूरकडून खाली तेलंगणात, कुणी बीदरच्या बाजूला. मागं राहिले ते बांधलेले कळप. त्यांच्या मालकांनी आमचं ऐकून शेड घातली होती, आमच्याच सांगण्यावरून गव्हाणी बांधल्या होत्या. टँकरचं पाणी सिमेंटच्या हौदात पडायचं. हौद धुवायला पाणी कुठलं? मेंढ्या तहानेनं हौदात पुढचे पाय घालत, लेंड्या पाण्यात पडत, आणि तेच पाणी सगळे पीत. कडबा महाग, म्हणून एक वेळ टाकायचा. ढाळ लागलेली कोकरं आणि गाभडलेल्या मेंढ्या मला त्या हंगामात दिसल्या त्या तिथं. सगळीकडे साल्मोनेलाच होता असा माझा दावा नाही. पण एकाच जागची ओल, एकाच हौदाचं पाणी आणि अर्धं पोट या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मी तिथं डोळ्यांनी पाहिलं. पाऊस पडल्यावर बाहेरगावचे वाडे परत आले. मेंढ्या वाळलेल्या होत्या, पायांना जखमा होत्या, वाटेत मेलेल्याही होत्या. तरी ढाळीची तक्रार तुरळक होती.

त्यानंतर मी मेंढपाळांना सांगायचं कमी केलं आणि विचारायला लागलो. मुखेडच्या डोंगराळ भागातले एक वयस्क मेंढपाळ होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांचा वाडा एका शेतात तीन-चार रात्रींपेक्षा जास्त बसत नसे. शेतकरी जास्त धान्य देतो म्हणाला तरी नाही. मी विचारलं, ‘मामा, खतासाठी तो अजून दोन रात्री बसा म्हणतोय, मग निघायची घाई का?’

‘घाई नव्हं, साहेब,’ ते म्हणाले. ‘चवथ्या राती मेंढरू बसंना जातंय. नुसतं हुबं राहतंय. जागेला वास धरला की त्येला कळतंय. आपल्याला कळंपस्तोर लई उशीर होतो.’

आणि गाभडलेल्या मेंढीचं?

‘ती मागं राहती. म्हातारी घरी हाय, तिच्याजवळ सोडतो. म्हैना-दीड म्हैना कळपात येऊ देत न्हाई. बाप सांगून गेला तसं.’

मामांना जंतू माहीत नव्हता. पण गाभडलेली मेंढी जार, पाणी आणि लेंडी यांतून काही आठवडे भरमसाट जंतू टाकते आणि तिला वेगळं काढणं हा या रोगावरचा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, मामा ते करत होते. तसंच रात्रीच्या जागेचं. ओल्या, सावलीतल्या घाणीत साल्मोनेला महिनोनमहिने जगतो. उघड्यावर पसरलेल्या लेंडीत, मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तो लवकर खचतो. तीन रात्रींत जागा सोडणारा कळप आपलीच घाण मागं टाकून पुढं जातो. शेडमधला कळप तिच्यावर झोपतो, तिच्यावर वितो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. जुना मेंढपाळ माद्या सहसा विकत घेत नाही. त्याच्या दख्खनी मेंढ्या त्याच्याच कळपात जन्मलेल्या, आई-आजीपासून एकाच घरच्या. नर बदलतो, तेवढंच. याउलट नव्यानं मेंढीपालनात उतरणारा माणूस वीस-पंचवीस मेंढ्या गोळा करतो त्या तीन बाजारांतून. प्रत्येक बाजारात मेंढी सकाळपासून उभी, चारा-पाण्याविना. मग टेम्पोत दाटीवाटीनं. मग अनोळखी मेंढ्यांत. साल्मोनेला वाहणारी एखादी मेंढी त्यात असेल तर तिला जंतू बाहेर टाकायला याहून चांगली संधी मिळणार नाही, आणि बाकीच्यांना तो घ्यायलाही. मी ज्याला स्वच्छ सुरुवात समजत होतो ती या रोगाच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याची सुरुवात होती.

याचा अर्थ भटक्या कळपात सगळं छान आहे असा कुणी काढू नये. मी तसं मानत नाही. मामांच्या वाड्यातच गाभडलेलं कोकरू आणि जार कुत्र्यांपुढं टाकत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर १९९६ पासून ब्रँडनबर्ग नावाच्या प्रकारानं मेंढ्या मोठ्या प्रमाणावर गाभडू लागल्या, तेव्हा असंच उघड्यावरचं खाऊन समुद्रपक्षी तो जंतू एका कुरणातून दुसऱ्यात नेत असल्याचं दिसलं. मेंढ्या हाताळणारी माणसंही आजारी पडली. आपल्याकडे ते काम कुत्री करतात, कावळे करतात. कुत्र्याच्या पोटातही साल्मोनेला राहतो, आणि तेच कुत्रं रात्री पालात पोरांजवळ निजतं. वाड्यावरच्या बायका विणारी मेंढी उघड्या हातांनी सोडवतात आणि हात घोंगडीला पुसून भाकरी थापायला बसतात, कारण साबण लांब आणि पाणी मोजकं. तापवल्याशिवाय दूध पिणारी मुलं मी पाहिली आहेत. या सगळ्यावर मी आजही तितक्याच आग्रहानं बोलतो. पण हा आग्रह वाडा थांबवा असा नाही. वाड्याला साबण आणि पाणी पोचवा, असा आहे.

शेतकऱ्याच्या बाजूचाही प्रश्न खरा आहे. उन्हाळ्यात पेरणीआधी रानात मेंढ्या बसवण्याची चाल आपल्याकडे जुनी आणि शहाणपणाची आहे. काळ्या जमिनीला त्या लेंडीखतासारखं दुसरं काही नाही. तूर, सोयाबीन, कापूस यांच्या रानात बसवल्या तर मला कसलीच हरकत दिसत नाही. नांगर फिरतो, ऊन पडतं, पीक महिन्यांनी येतं आणि शिजवून खाल्लं जातं. कोथिंबीर, मुळा, काकडी, कांद्याची पात घेणाऱ्या वाफ्यांत मात्र ताज्या लेंड्या नकोत. तिथं खत खड्ड्यात कुजवून, चांगलं तापू देऊन मगच घालावं. ढीग आतून साठेक अंशांपर्यंत तापला की साल्मोनेला टिकत नाही. हा फरक मी पूर्वी करत नव्हतो. मेंढ्या बसवणंच वाईट, असं सरसकट म्हणत होतो, आणि त्यामुळे शेतकरी नि मेंढपाळ दोघंही माझं ऐकून न ऐकल्यासारखं करत. ते योग्यच करत होते.

औषधांबद्दलचं माझं मत तर यापेक्षाही जास्त बदललं. कळपात दोन मेंढ्या ढाळल्या की सगळ्या कळपाला एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचायचं, ही आमच्याकडची सर्रास रीत आहे. मेंढपाळाला त्यानं दिलासा मिळतो, डॉक्टरला काही केल्याचं समाधान. तापानं फणफणलेल्या, रक्तात जंतू गेलेल्या मेंढीला प्रतिजैविक द्यायलाच हवं, याबद्दल वाद नाही. सोबत पाणी, मीठ, गूळ, ताप उतरवणारं औषध, सावली. पण जी मेंढी जंतू वाहते आणि आजारी नाही, तिच्या ग्रंथींतून तो या इंजेक्शननं निघत नाही. माणसांमध्ये साध्या साल्मोनेला हगवणीवर प्रतिजैविक दिल्यानं जंतू विष्ठेतून पडण्याचा काळ उलट लांबतो, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. शिवाय आतड्यातले जे जंतू साल्मोनेलाला जागा देत नाहीत, तेच औषधानं मरतात. आणि टिकतात ते औषधाला न जुमानणारे. हेच जंतू पुढं माणसाच्या पोटात जातात, आणि मग नांदेडच्या दवाखान्यात एखाद्या लेकराला कुठलं औषध द्यायचं हा प्रश्न उभा राहतो. सगळ्या कळपाला सुई मारू नका, असं मी आता तरुण सहकाऱ्यांना सांगतो. ते विचारतात, मग मेंढपाळाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं? त्याला सांगायचं: ढाळणाऱ्या मेंढ्या बाजूला काढ, आजच जागा सोड, वाहतं किंवा उपसलेलं स्वच्छ पाणी दे, गाभण मेंढ्या मागं ठेवून हळू चालव, आणि चारा तुटू देऊ नकोस. हे सल्ले फुकट असतात म्हणून हलके वाटतात. इंजेक्शनपेक्षा ते जास्त मेंढ्या वाचवतात, अशी माझी खात्री आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. त्यातल्या मोठ्या भागाचं पोट आजही चालण्यावर अवलंबून आहे. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत स्थायी आणि स्थलांतरित अशा दोन्ही पद्धतींना जागा ठेवली आहे. ‘स्थलांतरित’ हा शब्द मी तेव्हा तात्पुरती सवलत म्हणून वाचला होता. माणसं हळूहळू स्थिर होतील तोवरची सोय. आता मला वाटतं की पहिला मान त्या पद्धतीचा आहे आणि आमच्या खात्यांची कामं तिच्याभोवती बेतायला हवीत. वाड्यांच्या ठरलेल्या वाटांवर पाणवठे हवेत, आणि तिथलं पाणी असं की मेंढीला आत पाय घालता येणार नाही. लांबट, उथळ, रोज रिकामी करता येणारी कुंडी, आणि शेजारी माणसांसाठी वेगळा नळ. बाजारात उतरलेल्या जनावराला चारा-पाणी मिळाल्याशिवाय दिवस जाऊ नये. मेंढी कापायला नेतानाही तिला दोन दिवस उपाशी ठेवून ट्रकमध्ये कोंबू नये, कारण त्या उपासानं वाढलेला जंतू कातडी सोलताना आणि आतडी काढताना मटणावर येतो. चांगलं शिजलेलं मटण सुरक्षित असतं. धोका असतो तो कच्च्या मटणाच्या पाटावर चिरलेल्या कोशिंबिरीत. आणि नवीन मेंढ्या आणल्या तर तीन-चार आठवडे त्या जुन्या कळपात सोडू नयेत.

बंदिस्त मेंढीपालन करणाऱ्यांशी माझं वैर नाही. ज्यांना फिरणं शक्य नाही, ज्यांची मुलं शाळेत आहेत, ज्यांच्या वाटा कुंपणांनी आणि चराईबंदीनं अडल्या आहेत, ते शेड बांधणारच. त्यांना मी एवढंच म्हणतो की शेडमध्ये वाड्याची रीत न्या. दोन-तीन आवारं करा आणि कळप त्यांत फिरता ठेवा, रिकाम्या आवारात ऊन पडू द्या. विण्याची जागा वेगळी, कोरडी ठेवा. एका घरच्या मेंढ्या वाढवा, बाजारातून भरती करू नका.

मामांशी माझा एक वाद अजून मिटलेला नाही, तो कुत्र्यांचा. गाभडलेलं पुरायला हवं, हे त्यांना पटतं. पण चालत्या वाड्याबरोबर कुदळ-फावडं कोण वाहणार आणि दुसऱ्याच्या रानात खड्डा कसा घेणार, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याकडे आहे, म्हणून आता मी शेतकऱ्यांना सांगत फिरतो. वाडा बोलवाल तेव्हा धान्याच्या बोलीबरोबर दोन गोष्टी ठरवून घ्या: पिण्याचं पाणी तुमचं, आणि बांधाच्या कोपऱ्यात एक खड्डा तुमचा. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब असावा, कमरेइतका खोल असावा. पडलेलं कोकरू, जार आणि त्याखालची भिजलेली माती त्यात जाऊ द्या, वर चुन्याचा जाड थर द्या, मग माती, आणि मातीवर बाभळीच्या काटेरी फांद्या. कुत्री पहिल्याच रात्री उकरायला येतात.